चौसष्ट कोपरे

वहिनी,

तुम्ही गेलात त्याला आज चोवीस दिवस झाले. पुण्यानुमोदन झालं, भंतेजी येऊन गेले, पाहुणे आपापल्या गावांना परतले. मी मात्र अजून नागपूरला, बेसाला परतलो नाही. तिथल्या फ्लॅटची किल्ली खिशात घेऊन इथेच, तुमच्या ओसरीत बसून असतो.

परवा सकाळी मंगेश चहा घेऊन माझ्याजवळ बसला आणि मोबाईलकडे बघत बघत म्हणाला, "काका, धुरे काढून टाकू का मंतो मी. सोळा बांध्यायच्या चार करून टाकू. आता कोपरे खांदाले कोण हाये?"

तुमच्या मुलाला अवघड विषय काढायचा असला की तो मोबाईलकडे बघतो, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. मी कप खाली ठेवला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कुहीच्या पुढची आपली सहा एकर धानाची जमीन, तिच्या सोळा बांध्या, आणि प्रत्येक बांधीला पाणी अडवायला चारही बाजूंनी मातीचा धुरा. तिच्यात आपला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर उतरतो, मधला चिखल करतो आणि चारही कोपरे तसेच सोडून बाहेर येतो. ते कोपरे मग कुदळीनं खणावे लागतात. इतकी वर्षं ते तुम्ही खणत होतात. आता तुम्ही नाही, म्हणून मंगेशनं धुऱ्यांवर बोट ठेवलं. ट्रॅक्टरवर त्यानं बोट ठेवलं नाही, कारण तो मी आणला होता.

म्हणून हे लिहायला बसलोय. त्या ट्रॅक्टरवरून आपला जो वाद होता तो अर्धवट राहिला, असं मी गेले चोवीस दिवस स्वतःला सांगत होतो. पण अर्धवट कसला? तुमच्या बाजूनं तो कधीच संपला होता. माझ्या बाजूनं मी पस्तीस वर्षांच्या कारकुनीत शिकलेली एकच विद्या वापरली. फाइल खाली दाबून ठेवली आणि वरून दुसऱ्या फायली रचल्या.

मी रिटायर झालो तेव्हा दादाला जाऊन चार वर्षं झाली होती. बैलजोडी तुम्ही विकून टाकली होती आणि शेती भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालली होती. तो भाडेवाला रोवणीच्या ऐन दिवसांत गावभर फिरून शेवटी आपल्याकडे यायचा. आपली जागा अडचणीची, बांध्या लहान, कोण पहिल्यांदा येणार? तोवर वाफ्यात वाढून लावायला तयार झालेले धानाचे पऱ्हे पिवळे पडायला लागायचे. तुम्ही तक्रार कधी केली नाहीत. एकदाच फोनवर म्हणालात, "भाऊजी, यंदा पऱ्ह्यायलेच समजावून राहिली मी. थांबा मंते बापा, येते मंते तो." ते ऐकून मी ठरवलं, वहिनींना घरचा ट्रॅक्टर घेऊन द्यायचा.

इथपर्यंत माझं काही चुकलं नाही, एवढं तरी माझ्या पदरात टाका.

पुढे मी माझ्या वळणावर गेलो. माहितीपत्रकं जमवली, त्यांना भोकं पाडून फाइलला लावली, पंधरा एचपीपासून साठ एचपीपर्यंत तक्ता केला. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, जमेल तेवढा मोठा घ्या, पुढे कामी पडतो. मी मनातल्या मनात पन्नासवर खूण केली आणि मग तुम्हाला विचारायला आलो. म्हणजे विचारलंच नाही.

नागपूरच्या कृषी प्रदर्शनाला तुम्हाला घेऊन गेलो होतो, आठवतं? तुम्ही ठेवणीतली साडी नेसून आल्या होतात. त्या पन्नास एचपीच्या धुडासमोर मी नवरदेवासारखा उभा राहिलो. मागचं चाक तुमच्या छातीपर्यंत येत होतं. तुम्ही त्याच्यावर हात ठेवलात आणि टाय लावलेल्या त्या विक्रेत्याला विचारलंत, "भाऊ, हा कोपऱ्यात वळते कसा?"

"मावशी, पन्नास एचपी आहे. काहीही ओढतो."

"ताकद नाही इचारली बापा. वळते कसा, थे इचारलं."

तो माझ्याकडे बघून हसला आणि मीही त्याच्याकडे बघून हसलो. दोन शिकलेली माणसं होतो ना आम्ही. तुम्ही तिथून निघालात आणि मंडपाच्या पार टोकाला, संत्र्याच्या बागेत चालवायचा एक छोटा ट्रॅक्टर ठेवला होता, त्याच्याभोवती दोनदा फिरलात. खाली वाकून चाकं बघितलीत. मला हाक मारून म्हणालात, "भाऊजी, हा पाहा. हा आपल्या बांधीत मावते." मी म्हटलं, "वहिनी, हे खेळणं आहे."

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीजवळ बसल्या होतात. उमरेड रोडला लागल्यावर म्हणालात, "ट्रॅक्टर घेतांनी मोठ्यातलं मोठं वावर नाही पाहावं भाऊजी. लहानातली लहान बांधी पाहावं. मोठ्या वावरात तं कोणताबी चालते." मी लगेच कळमन्याचं काढलं. ट्रॉली लावू, मिरची आणि धान थेट नागपूरला, कळमन्याच्या मार्केट यार्डात नेऊ, दुसऱ्याच्या गाडीसाठी ताटकळायला नको. तुम्ही बाहेर बघतच म्हणालात, "वर्षातून दोनदा कळमन्याले जावं लागते मून बाराही महिने हत्ती पोसाचा का?" त्यालाही मी हसलो. त्या दिवसांत मी फार हसायचो.

पण खरी गोष्ट घडली ती काठीवरून.

त्यानंतर आठेक दिवसांनी मी गावी आलो तर अंगणात बांबूची एक लांब काठी पडलेली. शेजारच्या गावात एकाकडे अगदी तसाच ट्रॅक्टर होता. तुम्ही त्याच्याकडे पायी गेल्या होतात आणि ट्रॅक्टरच्या रुंदीएवढी काठी तोडून आणली होती. मला चहासुद्धा घेऊ दिला नाहीत. "चला भाऊजी, आपण ट्रॅक्टर वावरात नेऊन पाहू," म्हणालात, आणि ती काठी पोटाशी आडवी धरून वावराकडच्या पांदणीनं चालू लागलात. पुढे तुम्ही, मागे मी. जिथे काठीचं टोक अडेल तिथे तुम्ही डबीतला चुना काढून खूण करत होतात. दोन बाभळींच्या मध्ये अडली. विहिरीच्या वळणावर अडली. बांध्यांच्या तोंडाशी तर जवळपास प्रत्येक ठिकाणी अडली.

मिरची तोडून परतणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. पांदणीच्या कडेला चारदोन माणसंही बसली होती. मी खिशातून टेप काढला. माझ्या खिशात टेप होता, वहिनी, यातच सगळं आलं. काठी मोजली तर भरली नऊ फूट. माहितीपत्रकात ट्रॅक्टरची रुंदी लिहिली होती सव्वासहा फूट. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "वहिनी, तुमची काठी खोटी आहे! नऊ फुटांचा ट्रॅक्टर कोणती कंपनी बनवते? ट्रॅक्टर मोजायला गेल्या आणि रेल्वेचा डबा मोजून आल्या की काय?"

सगळे हसले. माणसं हसली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तुम्ही काठी बाभळीला टेकवून ठेवलीत, पदरानं मान पुसलीत, माझ्याकडे एकदा बघितलंत आणि घराकडे निघालात. संध्याकाळी माझ्या ताटात माझ्या आवडीची वांग्याची भाजी होती. दुसऱ्यांदा वाढतानाही तुम्ही काठीचं नाव काढलं नाहीत. मी समजलो, हरल्या. आठवडाभरात मी ट्रॅक्टर बुक करून टाकला.

उन्हाळ्यात तो घरी आला. मी त्याला हार घातला, गावात पेढे वाटले. माझ्या मनात काय होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्या आजोबांनी ही जमीन एकेक बांधी करून घेतली. दुसऱ्यांच्या वावरात राबायचे, एक बांधी घ्यायचे, आणि तिच्या शेजारची कधी विकायला निघते याची वर्षानुवर्षं वाट बघायचे. म्हणून तर आपले तुकडे असे लहान आणि वाकडेतिकडे. ज्यांच्या वावरात ते राबले त्यांच्या घरांसमोरून आपला ट्रॅक्टर जावा, चांगला आवाज करत जावा, एवढंच मला पाहिजे होतं. तुम्ही हाराकडे बघत हळूच म्हणालात, "भाऊजी, तुमाले वावरात चालणारा ट्रॅक्टर नोयता पायजे. तुमाले दारात उभा असलेला पायजे होता."

माझा चेहरा पडला असणार. कारण लगेच तुम्ही म्हणालात, "राहू द्या. त्याचीबी गरज असते घराले."

हे दुसरं वाक्य तुम्ही बोललात म्हणून मला पहिलं सहन झालं. तुमचं नेहमी असंच असायचं. खरं बोलायचात, आणि समोरच्याला बसायला जागाही ठेवायचात.

मग रोवणी आली. चिखल करायच्या दिवशी ड्रायव्हरनं मागच्या चाकांना केजव्हील लावली. ट्रॅक्टर चिखलात रुतू नये म्हणून रबरी चाकांच्या बाहेरून ती लोखंडी जाळीची चाकं बसवतात, दोन्ही बाजूंना. लहानपणापासून बांध्यांत वाढलेला मी, दरवर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरला ती चाकं लागताना बघितलेला मी, धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत सव्वासहा फुटांचा ट्रॅक्टर नऊ फुटांचा झाला.

धानाच्या गावात जन्मलेल्या माणसानं धानाचा ट्रॅक्टर कोरड्या चाकांवर मोजला होता. ज्वारीच्या मुलखातल्या कोणी असं केलं असतं तर एकवेळ चाललं असतं. तुम्ही मात्र त्या शेजारच्या गावातल्या माणसाला कोठ्यातून केजव्हील बाहेर काढायला लावली होती, चाकांना लावून उभी करायला लावली होती आणि मग काठी तोडली होती. हे मला त्या माणसानंच पुढे एका लग्नात सांगितलं.

पहिल्या बांधीच्या तोंडाशीच ट्रॅक्टर अडला. मी वाट बघत होतो की आता तुम्ही माझ्याकडे वळून बघाल. तुम्ही बघितलं नाहीत. कुदळ घेऊन उतरलात, बांधीचं तोंड दोन्ही बाजूंनी फोडलंत, ट्रॅक्टर आत गेल्यावर माती ओढून ते पुन्हा बुजवलंत आणि पुढच्या बांधीकडे गेलात. आत गेलेल्या त्या हत्तीला वळायला जागा पुरेना. कोपऱ्या-कोपऱ्यात म्हैस लोळेल एवढी जमीन तशीच टणक राहायची. ड्रायव्हर वरून म्हणाला, "मावशी, एवढं हातानं करून घ्या." तुम्ही आणि तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली वर्षा, दोघी सासू-सुना कोपरे खणायला लागलात. मी ट्रॅक्टरचे फोटो काढत होतो.

त्या फोटोंचं सांगतो. तुमचा एक चांगला फोटो पुण्यानुमोदनाला लावायचा होता, म्हणून मी माझा मोबाईल उघडला. दर रोवणीला मी गावी यायचो आणि फोटो काढायचो, शेकड्यांनी आहेत. प्रत्येकात मधोमध ट्रॅक्टर. आणि प्रत्येकात मागे, अगदी कडेला, एका कोपऱ्यात तुम्ही वाकलेल्या, पाठमोऱ्या. चेहरा एकातही नाही. शेवटी मंगेशनं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तुम्हाला तो कधीच आवडायचा नाही, मला ठाऊक आहे. माफ करा.

ट्रॅक्टर अगदीच वाया गेला असं तुम्हीही म्हणायचा नाहीत. रोवणी वेळेवर व्हायला लागली. त्या पहिल्याच वर्षी धान पोटरीला आलं तेव्हा तुम्ही फोन करून म्हणालात, "खोटं काहून बोलू भाऊजी, पऱ्हे पिवळे नाही पडले यंदा." आणि एक संध्याकाळ मला फार आठवते. ट्रॅक्टर धुऊन अंगणात लावला होता आणि तुम्ही अचानक साडी खोचून वर चढलात, सीटवर बसलात, स्टेअरिंग धरलंत. पाय खाली सोडला तर तो क्लचच्या वरच लटकला. "माया पाय नाही पुरत न बापा!" म्हणून तुम्ही जे हसायला लागलात ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. वर्षा हसली, मी हसलो. माझ्या सगळ्या हसण्यांपैकी त्या एका हसण्याची मला आज लाज वाटत नाही.

एकदा मी विचारलंही होतं तुम्हाला. चारेक वर्षांनी असेल. तुम्ही अंगणात तूर पाखडत होतात, आपल्याच धुऱ्यांवरची तूर, जिचा डबा दर वर्षी न चुकता माझ्या घरी यायचा. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही सांगितलं का नाही, की काठी केजव्हील लावून मोजली होती म्हणून?"

तुमचं सूप थांबलं नाही. "तुमी इचारलं नाही भाऊजी," तुम्ही म्हणालात. "तुमी सांगतलं."

तीच वेळ होती. 'वहिनी, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडात आलं होतं ते. तेवढ्यात फोन वाजला, कोणत्या तरी कंपनीचा, लोन पाहिजे का म्हणून विचारणारा. मी तो घेतला आणि त्या मुलीशी पाच मिनिटं आस्थेनं बोललो. परत वळलो तर तुम्ही सूप घेऊन आत गेल्या होतात. त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात, वहिनी. मला दुसरी वेळ मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही.

परवा मंगेशनं कोपऱ्यांचं काढलं तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती मी इतकी वर्षं कशी विसरून होतो ते कळत नाही. बैलांच्या काळातही कोपरे राहायचे, लहानच, पण राहायचे. ते खणायचं काम माझं होतं. मी नववीत होतो तेव्हा तुम्ही लग्न होऊन आलात. पहिल्याच रोवणीत, एका सकाळी, मी कुहीच्या शाळेत जायच्या आधी घाईघाईनं कोपरा खणत होतो. तुम्ही आलात आणि माझ्या हातातली कुदळ घेतलीत. "द्या इकडे भाऊजी. तुमची शाळा हाये. कोपरे कुठं पळून चालले?" नवी नवरी होतात, हातातला हिरवा चुडासुद्धा उतरला नव्हता. ती कुदळ तुम्ही मला पुन्हा दिली नाहीत. मी दहावी झालो, नागपूरला गेलो, खुर्चीवर बसलो, रिटायर झालो. माझे कोपरे तुमच्याकडे राहिले. आणि रिटायर झाल्यावर मी काय आणलं, तर ते कोपरे आणखी मोठे करणारा ट्रॅक्टर.

म्हणून परवा मी मंगेशला म्हणालो, "धुरे नाही काढायचे." कारणं मी आधी कारकुनासारखी दिली. जमीन नाल्याकडे उतरती आहे, चारच बांध्या केल्या तर वरचं धान वाळेल आणि खालचं बुडेल. धुऱ्यावरची तूर जाईल. आजोबांनी ज्या एकेक करून घेतल्या त्या एका दिवसात जेसीबीखाली घालायच्या का? तो ऐकत होता. मग मी म्हटलं, "ट्रॅक्टर बदलू. यंदाची रोवणी याच्यावर होऊ दे, दिवाळीनंतर छोटा घेऊ."

"काका," तो म्हणाला, "तुमीच तं आईले मनले होते, काठी खोटी हाये मून. पांदणीवर. सारा गाव होता तिथं."

"काठी बरोबर होती. माझं चुकलं होतं."

मंगेशनं मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "हे आईले सांगतलं होतं का तुमी?"

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. तो उठून गोठ्याकडे गेला. तुमचाच मुलगा, त्यानंही पुढे काही ऐकवलं नाही.

वर्षा दारात उभी होती. तिला मी म्हटलं, "तू सांग, केवढा घ्यायचा?" ती गोंधळली. तिला या घरात ट्रॅक्टरबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. विचार करून म्हणाली, "माया पाय क्लचले पुरला पायजे काकाजी. मी चालवून पाहीन, मंग सांगीन." मग म्हणाली, "कोपरे तरी राहतेच. पण थोडे लहान होतीन. आता चौसष्ट हायेत."

"चौसष्ट कसे?"

"सोळा बांध्या, चार-चार कोपरे. आई मोजत जाये न. शेवटच्या कोपऱ्यावर मने, झाले वं वर्षा चौसष्ट, चाल आता घरी."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बेरजा-गुणाकार तपासले. सोळा गुणिले चार मात्र मी कधी केले नव्हते. तुम्ही दर वर्षी करत होतात, पाठीनं. शेवटच्या दोन वर्षांत निम्मे वर्षा करायची, असं ती म्हणाली, तेही तुम्ही सुखासुखी करू द्यायचा नाहीत. मी ओसरीत बसून रडलो, वहिनी. तुम्ही गेलात त्या दिवशी रडलो होतो त्याहून वेगळं रडलो. त्या दिवशीचं दुःख सगळ्यांमध्ये वाटून घेतलं होतं. हे माझ्या एकट्याचं होतं.

आज सकाळी पांदणीकडच्या पहिल्या बांधीत चिखल झाला. ट्रॅक्टर बाहेर निघाल्यावर मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुदळ मागितली. मंगेश म्हणाला, "काका, राहू द्या." वर्षा काही न बोलता कुदळ देऊन दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली. सदुसष्टाव्या वर्षी कोपरा खणणं म्हणजे काय ते आता मला विचारा. वरून लोण्यासारखा दिसणारा चिखल आणि चार बोटांखाली दगडासारखी जमीन. कुदळ अडकते, ओढली की पाय घसरतो, कमरेत कळ येते. एक कोपरा झाला तोवर वर्षाचे दोन झाले होते आणि माझ्या तळहाताला फोड आला होता.

दुसऱ्या कोपऱ्यात वाकलेला असताना माझ्या तोंडून निघालं. कोणाला ऐकवायचं म्हणून नव्हतं, तुम्हालाच म्हणालो, अगदी हळू, "वहिनी, तुमची काठी बरोबर होती. चुकलं माझं."

वर्षानं ते ऐकलं. पाठ सरळ करून ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काकाजी, तवा तं मोठ्यानं हासले होते मनते. आता हळू काहून बोलून राहिले?"

पांदणीपलीकडच्या बांधीत पंधरा-वीस बाया ओळीनं रोवणी करत होत्या. त्यांच्यातल्या कितीजणी त्या दिवशी पांदणीवर होत्या, मला ठाऊक नाही. मी कुदळ चिखलात रोवली, धुऱ्यावर चढलो आणि ऑफिसातली, बेसातली सगळी भाषा विसरून ओरडलो, "आयका वं सगळ्याजनी! माया वहिनीची काठी खरी होती! मी खोटा होतो!"

बाया थांबल्या. एकेक करून उभ्या राहिल्या. मग ओळीच्या टोकाची एक म्हातारी, हातात पऱ्ह्यांची जुडी तशीच धरून, मला लहानपणी बघितलेल्या माणसाच्या हक्कानं म्हणाली, "आमाले तवाच ठाऊक होतं गा. आमी तुलेच हासलो होतो."